परवान्याची बंदूक आणि गावठी कट्टा

'परवानाधारकांचीही शस्त्रे सरकारने सरसकट जमा करून घ्यावीत, म्हणजे गोळीबार थांबतील,' या आपल्या मताशी मी सहमत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल मर्यादा तीनवरून दोनवर आली. शिवाय निवडणूक लागली की आमच्या चोपडा-यावल भागातले अनेक शेतकरी, रानडुकरे केळीच्या बागा उकरत असतानाही, आपली बारा बोअरची बंदूक पोलीस ठाण्यात मुकाट्याने जमा करून पावती घेतात. सातपुड्यापलीकडून येणारा गावठी कट्टा मात्र कोणत्याच नोंदवहीत नसतो. त्याला ही बंदी लागू होणार कशी? नूतनीकरणाच्या वेळी परवानाधारकाची चौकशी कडक व्हावी, हा आपला मुद्दा मात्र मान्य आहे. वरातीत हवेत बार काढणे तर त्याच दुरुस्तीने गुन्हा ठरले आहे.