बाबांची बॅटरीवाली स्कूटर रपट्याच्या चढावर बंद पडली अन् मागे आली, मार्गदर्शन पाहिजे

घाटंजीवाला

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्हा, घाटंजी तालुका, खेडेगाव आहे आमचं. बाबा ६७ वर्षांचे, दोन वर्षांआधी लकवा मारला, डावी बाजू कमजोर राहिली, काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात पण बाहेर जमत नाही. मागच्या दिवाळीला आत्तेभावाने पुण्याहून एक जुनी चारचाकी मोबिलिटी स्कूटर पाठवली, त्याच्या सासऱ्यांची होती, ते वारल्यावर वर्षभर पार्किंगमधे तशीच उभी होती. छोटी आहे, सीट काढून कारच्या डिक्कीत बसते अशी. पुस्तक नाही आलं सोबत, फक्त चार्जर आला.

ती आल्यापासून बाबा बदलले हो. दोन वर्षं जो माणूस खाटेवरून भिंतीकडे पाहत होता तो सकाळी चहा झाला की पारावर, तिथून मारुतीच्या देवळात, अन् मन झालं की वावरात. वावर गावापासून दीड किलोमीटर, मधे नाल्यावर रपटा (बुटका पूल) आहे अन् पलीकडे लगेच चढ. सोमवारी त्या चढावर मधातच गाडी बंद पडली. तिथे खेळणारे पोट्टे धावत आले ढकलायला, गाडी जागची हलेना म्हणून एकाने मागचा लाल दांडा ओढला, अन् गाडी बाबांना घेऊन सरळ मागे. दहा-बारा फूट आली, गिट्टीत चाक अडकलं म्हणून थांबली, बाबा बाजूला पडले. कोपर सोललं, बाकी काही नाही. पण रपट्याचा काठ तिथून चार हातावर होता, मला तर रात्रभर झोप नाही आली.

आता आई म्हणते विकून टाका. बाबा काही बोलत नाहीत पण परत खाटेवर बसले आहेत. मला ती विकायची नाही. गाडी बंद का पडते (आधी पाच-सहा किलोमीटर जायची, आता दोनमधेच लाल दिवा येतो), तो दांडा काय आहे, अन् खेड्यातल्या रस्त्यावर ही नीट कशी चालवायची, कोणी सांगेल का.

तीनचाकी_वर्धा

भाऊ, बापू बरे हायेत हे वाचून जीवात जीव आला. मले लहानपणापासून पोलिओ हाय, दोन्ही पाय नाहीत कामाचे, आदी हातानं फिरवाची सायकल होती अन् आता आठ वर्सं झाले बॅटरीवाली तीनचाकी चालवून राहिलो, म्हणून सांगतो.

तो लाल दांडा म्हणजे ब्रेक सोडाचा दांडा. या गाड्यायले ब्रेक मोटरवर असते. गाडी पळवाची अंगठ्याखालची पट्टी सोडली का तो आपोआप बसते, करंट गेला तरी बसते, बॅटरी संपली तरी बसते. म्हणजे चढावर बंद पडली तरी गाडी तिथंच खिळून राहाले पायजे, अन् तुमची राहिलीच होती, म्हणूनच पोट्ट्यायनं ढकलली तरी हलली नाही. दांडा वढला का ब्रेक गेला, मंग तिले धरणारं काहीच नाही. पोट्ट्यायची चूक नाही, त्यायले कोणी सांगतलंच नव्हतं. तो दांडा फक्त सपाट जागेवर, माणूस खाली उतरल्यावर, गाडी ढकलून जागेवर लावाची असन तेव्हाच. आज तुमच्या गल्लीतल्या लहान-मोठ्या सगळ्यायले बोलवा अन् हाताला धरून दाखवा. मी तं माया गाडीच्या दांड्यावर लाल चिंधी बांधून ठेवली हाय, कोणी हात लावला का मीच वरडतो.

चढाचं म्हणाल तं एवढ्याशा गाडीचं काम नाही ते. डिक्कीत बसणाऱ्या गाड्यायच्या पुस्तकात चढ साधारण ६ डिग्रीपर्यंतच लिहेल असते. म्हंजे दहा फूट लांबीले एक फूट उंची. तुमच्या रपट्याचा चढ मोजून पाहा, एक फळी अन् पाण्याची नळी घेतली का मोजता येते. त्याच्यापेक्षा जास्त निघाला तं ती वाट सोडाच, बॅटरी नवी असो का जुनी. जिथं चढ बसते तिथं सरळ चढवाची, तिरपी अजिबात नाही, अंग पुढं झुकवाचं, मधात थांबाचं नाही अन् वळवाची तं नाहीच. उतरताना स्पीडचं बटन सगळ्यात हळूवर. मी एकदा आर्वी रोडच्या फाट्यावर उतारावरच वळवली होती, गाडी एका बाजूनं उचलली गेली, ते धडधड मले अजून आठवते.

अन् एक, रपट्यावरून पाणी वाहत असन, टाच बुडन एवढंच का असेना, तं नाही जाचं. मोटर खाली चाकापाशी असते.

बॅटरीचं_काम_अकोट

वरच्या भाऊंनी दांड्याचं बरोबर सांगितलं. मी ई-रिक्षा, स्प्रे पंप, इन्व्हर्टर या सगळ्यांच्या बॅटऱ्या पाहतो, अशा दोन-तीन स्कूटर पण आल्या होत्या माझ्याकडे, त्यावरून सांगतो की तुमची कहाणी तुम्हीच लिहिली आहे, वर्षभर पार्किंगमधे उभी होती. लेड-ॲसिड बॅटरी डिस्चार्ज होऊन पडून राहिली की आतल्या प्लेटवर थर बसून कडक होतो आणि मग ती चार्ज घेते असं दाखवते पण साठवत नाही. चार्जर लवकर हिरवा होतो ना? पूर्वी रात्रभर लागायचा तो आता दोन-अडीच तासांत? तेच लक्षण.

सीटखाली दोन बॅटऱ्या असतील, १२-१२ व्होल्टच्या, सिरीजमधे जोडून २४. रात्रभर चार्ज करा, चार्जर काढून तीन-चार तास गाडी तशीच ठेवा, मग मल्टीमीटरने दोन्ही वेगवेगळ्या मोजा. चांगली बॅटरी १२.७ च्या आसपास दाखवेल. १२ च्या खाली असेल तर गेली. पण नुसतं उभ्या गाडीवर मोजून भागत नाही, खरी गोष्ट लोडवर कळते, म्हणून मागची चाकं अधांतरी न करता सपाट जागी कोणाला तरी बसवून गाडी चालवायची आणि गावातल्या मेकॅनिकला तेवढ्यात रीडिंग घ्यायला सांगायचं. एक १२ वर राहिली आणि दुसरी झपकन १० च्या खाली गेली की तीच तुमची चढावरची गाडी बंद पाडते. बदलताना दोन्ही सोबत बदला, एकाच कंपनीच्या, एकाच अँपिअरच्या. एक जुनी एक नवी ठेवली की जुनी नवीलाही ओढते, हे मी लोकांना रोज सांगतो आणि रोज कोणीतरी पैसे वाचवायला एकच नेतो, सहा महिन्यांत परत येतो.

चार्जरचं पण पाहा, लेड-ॲसिडचा चार्जर लेड-ॲसिडलाच. लिथियम टाकायची हौस असेल तर चार्जरही त्याचाच घ्यावा लागतो, आणि गाडीचा कंट्रोलर (मोटरला करंट देणारं सर्किट) त्याला चालतो का ते आधी विचारा.

रोज वापरा किंवा नका वापरू, चालवून आल्यावर चार्जिंगला लावा. लाल दिव्यापर्यंत न्यायचीच नाही. पंधरा दिवस गाडी उभी असेल तरी मधे एकदा लावा. आणि आपल्याकडचा मे महिना. ४५ डिग्रीत पत्र्याखाली गाडी उभी ठेवाल तर आतली बॅटरी शिजते हो अक्षरशः. साधारण २५ डिग्रीच्या वर दर दहा डिग्रीला बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं असा हिशोब आहे. दुपारी तीनला उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जला लावू नका, सावलीत थंड होऊ द्या, रात्री लावा.

एक विचारायचं होतं, चार्जिंग करता कुठे?

घाटंजीवाला

अकोटच्या भाऊ, अगदी तसंच, हिरवा दिवा दोन तासात येतो आणि आम्ही खूश होत होतो की लवकर चार्ज होते म्हणून.

चार्जिंग पुढच्या खोलीत लावतो. बोर्ड तिथेच आहे. भाव वाढायची वाट पाहून राहिलो त्यामुळे कापूस अजून विकला नाही, तोही त्याच खोलीत आहे, छतापर्यंत.

बॅटरीचं_काम_अकोट

भाऊ, आजच काढा. आत्ता, हे वाचून झाल्यावर. कापूस हलवता येत नसेल तर गाडी हलवा.

लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना, खास करून शेवटी शेवटी आणि चार्जर बिघडला असेल तर, हायड्रोजन वायू सोडते. सीलबंद असली तरी जास्त चार्ज झाली की सोडते. बंद खोलीत एक ठिणगी पुरते, आणि ती ठिणगी लूज प्लगमधूनच येते. त्यात चार्जरचा छोटा पंखा कापसाचे तंतू ओढून घेतो, आत तंतू भरले की चार्जर तापतो. मी उघडलेल्या एका चार्जरमधे गादी भरावी तसा कापूस निघाला होता, सर्किट बोर्ड तपकिरी झालेला. तिथे आग नाही लागली हे नशीब. ओसरीवर, हवा खेळती असेल तिथे, कोरड्या जागी, चार्जर फरशीवर उघडा ठेवून, वर पोतं-गोधडी न टाकता लावा. एक्स्टेंशन बोर्डवर नको, भिंतीच्या तीन पिनच्या सॉकेटवर लावा, अर्थिंग तपासून. आणि लाइन कमी-जास्त होत असेल, आपल्याकडे होतेच, तर मधे स्टॅबिलायझर टाका.

उपकेंद्रातली_सिस्टर

मी उपकेंद्रावर काम करते, बॅटरीतलं मला कळत नाही पण तुमच्या पहिल्या मेसेजमधली एक गोष्ट खटकली म्हणून लिहिते. बाबांची डावी बाजू कमजोर आहे असं लिहिलं. डाव्या अंगाचा लकवा म्हणजे मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसलेला, आणि अशा काही पेशंटला हात-पाय सुधारले तरी डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे चांगले असतात, दिसतं, पण मेंदू तिकडची नोंद घेत नाही. त्यांना स्वतःला हे कळत नाही म्हणून ते सांगतही नाहीत. घरात चालताना डावा खांदा चौकटीला लागतो का? जेवताना ताटाच्या डाव्या बाजूचं तसंच राहतं का? गाडी डावीकडे घासलेली आहे का? यातलं काही असेल तर बॅटरी नवी टाकायच्या आधी डॉक्टरांना दाखवा आणि हेच शब्द सांगा. कारण रपट्याचा काठ डावीकडून आला तर तो त्यांच्यासाठी नसल्यासारखाच आहे.

आणि बसता-उठताना चावी काढूनच. खूप जण हँडलला धरून उठतात आणि अंगठा त्या पट्टीवर पडतो, गाडी पुढे जाते, माणूस मागे. सीट फिरणारी असेल तर ती कट् वाजून बसली का बघायचं. धोतराचा सोगा, गमछा, चाकापासून दूर. शुगर असेल तर दिवसातून एकदा बूड आणि टाचा बघा, लाल झालं तर लगेच उपकेंद्रात या.

वाशीमकडचा

सगळं चांगलं सांगितलं, माझं थोडं. माझ्या काकांची अलिम्कोची (अपंगांची साधनं बनवणारी सरकारी कंपनी) ट्रायसायकल आहे, अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मिळालेली. टायर हवेचे असतील तर बाभळीचा काटा हा आपला मोठा शत्रू, हवा टायरवर लिहिलेली असते तेवढी ठेवा, कमी हवेत बॅटरी जास्त जाते. पावसाळ्यात काळी माती चाकात अन् मडगार्डमधे भरून गाडी दुप्पट जड होते, ती काडीने काढून घ्यायची, पाइप मारून धुवायची नाही. वायरी उंदरं खातात, सीट उचलून महिन्यातून एकदा नजर टाका. बॅटरीच्या टोकावर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर वायर काढून (निगेटिव्ह आधी) खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडं करून व्हॅसलीन लावा. मागे लाल रिफ्लेक्टर अन् उंच काठीला झेंडी पाहिजेच, कापसाच्या ट्रॅक्टरवाल्याला एवढी ठेंगणी गाडी दिसत नाही.

पुढे मोठी गाडी हवी असेल तर यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा. साध्या साधनाला ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र चालतं, बॅटरीवाल्याला अटी जास्त कडक आहेत, पण कार्ड असल्याशिवाय शिबिरात कोणी पुढे घेत नाही.

घाटंजीवाला

उशिरा लिहून राहिलो, माफ करा. सगळ्यांचे मनापासून आभार.

गाडी त्याच रात्री ओसरीवर आणली. बॅटऱ्या मोजल्या, एक १२.६ आणि दुसरी ११.४, बसून चालवली तर दुसरी ९ वर गेली. दोन्ही बदलल्या, साडेचार हजार लागले. चढ पण मोजला, दहा फुटाला पावणेदोन फूट निघाला, म्हणजे ती वाट संपलीच. वावर दाखवायचं तर मी बाबांना मोटरसायकलवर मागे बसवून नाही नेऊ शकत, शेजाऱ्याच्या ऑटोत नेतो आठवड्यातून एकदा.

पण सिस्टर ताई, तुमचा मेसेज मी आईला वाचून दाखवला. आई उठली आणि आत गेली. थोड्या वेळाने म्हणाली, दोन वर्षं झाली हे चटणी खात नाहीत, मी समजत होते त्यांना आता तिखट सोसत नाही. चटणी आपण डावीकडेच वाढतो ना. संध्याकाळी तिने ताट अर्धं फिरवून ठेवलं तर बाबांनी चटणी खाल्ली आणि भाजी ठेवली. आईला रडू आवरेना. गाडी पाहिली तर डाव्या बंपरवर चार ओरखडे, उजवीकडे एकही नाही.

यवतमाळला डॉक्टरांना दाखवलं, तुम्ही म्हटलं तेच निघालं. व्यायाम दिले आहेत, दर वेळी मान मुद्दाम डावीकडे वळवून पाहायची सवय लावायची, त्यासाठी हँडलच्या डाव्या टोकाला केशरी रिबन बांधली, ती शोधून मगच पट्टी दाबायची असं ठरवलं आहे. तोपर्यंत फक्त घर ते पार, सपाट गल्ली, स्पीडचं बटन सगळ्यात हळूवर, आणि पुतण्या डाव्या बाजूने सोबत चालतो. लाल दांडा काय आहे ते आता त्यालाच सगळ्यात चांगलं माहीत आहे, सोमवारी तो ओढणारा तोच होता.

आज सकाळी सव्वासातला बाबा पारावर गेले.