सासऱ्यांच्या सुपारीच्या डबीतली तीन नाणी: सिकंदराची म्हणतात, ओळखायची कशी?

मुलुंडची_सून

नमस्कार मंडळी. सासरे व्यापारी जहाजावर इंजिन खात्यात होते. ते गेल्यावर कपाट आवरताना सुपारीच्या डबीत तीन नाणी निघाली. सोबत त्यांच्या अक्षरात चिठ्ठी, तिच्यावर फक्त 'इझमीर' (तुर्कस्तानातलं बंदर) लिहिलंय. घरात मतं तीन. दीर दुबईला असतात, ते म्हणतात, "इकडे पाठव, लिलावात घालू." नवरा म्हणतो, नाव फिलिपचं असणार, फिलिप म्हणजे सिकंदराचा बाप, शाळेत होतं. सासूबाई म्हणतात, देव्हाऱ्यात ठेव.

आमच्या सोनाराकडे वजन करून आणलं.

पहिलं चांदीसारखं, सर्वांत मोठं, ११.६८ ग्रॅम. एका बाजूला सिंहाचं कातडं डोक्यावरून घेतलेला चेहरा, दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेला दाढीवाला, हातावर पक्षी. अगदी सुबक आहे. कडेवरून नख फिरवलं की एक बारीक रेघ लागते.

दुसरं तांब्याचं, काळपट हिरवं, ६.४१ ग्रॅम. केसांना पट्टी बांधलेला तरुण, मागे घोडेस्वार.

तिसरं लहान चांदीचं, ४.१२ ग्रॅम. चित्रं पहिल्यासारखीच, पण झिजलेली. अक्षरं मात्र वेगळी वाटतात: वर्तुळातून उभी रेघ गेलेलं, मग दांडी, मग वर टोक असलेला कोन, परत दांडी, मग दाराच्या चौकटीसारखं अक्षर दोनदा. पुढचं पुसलंय. तांब्याच्या नाण्यावर घोड्याच्या वरही हीच अक्षरं आहेत.

सोनार म्हणाला कसोटीवर घासून बघू. मी नको म्हटलं. बरोबर केलं ना?

ठाणे_स्लो

ताई, चोर बाजारात मटण स्ट्रीटवर सिकंदर ढिगाने मिळतो, फार आशा ठेवू नका. तांब्याचं आधी पितांबरीने लख्ख करा, म्हणजे नीट दिसेल तरी.

ठाकूरद्वार

पितांबरी नको. चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट तर नकोच. तांब्यावरचा तो हिरवा-काळा थर दोन हजार वर्षांत बसलेला असतो. तो गेला की नाण्याचा चेहरा गेला आणि किंमतही. आणि ताई, कसोटीला नाही म्हणालात ते फार बरं केलंत.

आता नाण्यांकडे. माझी पद्धत सोनाराची आहे, कारण आमचं घराणंच त्या धंद्यातलं: आधी काटा, मग चित्र, नाव शेवटी. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात आणि फसतात.

सिकंदराने चांदीसाठी अथेन्सचं माप घेतलं. द्रख्मा म्हणजे ग्रीकांचं चांदीचं नाणं. चार द्रख्मांचं नाणं १७.२ ग्रॅमच्या आसपास, एक द्रख्मा ४.३. त्याच्या वडिलांचं, म्हणजे दुसऱ्या फिलिपचं, चार द्रख्मांचं नाणं हलकं, १४.४ च्या घरातलं. झीज होते, पण १७ चं झिजून ११.६८ झालं आणि चेहऱ्यावर नाकडोळे जागच्या जागी, असं होत नाही. त्यात कडेची रेघ म्हणजे साच्याचे दोन भाग जुळल्याची खूण. त्या काळी नाणं ऐरणीवर ठेवून, वरून ठशावर हातोडा मारून पाडत, त्यामुळे कड ओबडधोबड असते, कधी चिरलेलीही, पण अशी सलग रेघ नसते. वजनही बघा, ११.६६ ग्रॅम म्हणजे आपला एक तोळा, इंग्रजांच्या चांदीच्या रुपयाचं वजन. ज्याने कोणी हे केलं त्याच्या हाताशी तोळ्याचं माप होतं, असा माझा तर्क. म्हणजे हे इझमीरचं नव्हे, इथलंच.

आणि तो सिंहाच्या कातड्यातला चेहरा सिकंदराचा नाही, हेराक्लीस या ग्रीक वीराचा आहे. मॅसिडोनियाचं, म्हणजे सिकंदराचं, राजघराणं स्वतःला त्याचे वंशज म्हणवायचं. मागे बसलाय तो झ्यूस, ग्रीक देवांचा राजा, हातावर गरुड. सगळे दुकानदार 'सिकंदराचा फोटो' म्हणून विकतात, म्हणोत बापडे.

तांब्याचं मला आवडलं. तुम्ही सांगितलेली अक्षरं ग्रीक आहेत, त्यांत 'फिलिप' वाचता येतं. केसांना पट्टी बांधलेला अपोलो, मागे स्वार आणि वर फिलिपचं नाव, ही दुसऱ्या फिलिपची, इ.स.पूर्व ३५९ ते ३३६ मधल्या राजाची, ओळखीची जोडी. साडेपाच ते सात ग्रॅममध्ये ही नाणी बसतात, तुमचं बसतंय. इ.स.पूर्व ३५६ मध्ये ऑलिंपिकला याचा घोडा जिंकला. प्लुटार्क लिहितो की ती बातमी आणि सिकंदराच्या जन्माची बातमी एकाच सुमारास फिलिपच्या कानावर गेली. नाण्यावरचा स्वार त्या विजयाशी जोडला जातो. घोड्याच्या पोटाखाली एखादं चिन्ह किंवा अक्षर असेल, बघा. मिस्टरांचा शाळेतला फिलिप तो हाच.

तिसऱ्या नाण्यावरचा मात्र नाही. हेराक्लीस आणि झ्यूस ही सिकंदराची चित्रं, बापाच्या वेळी अशी चांदी नव्हती. मग त्यावर फिलिपचं नाव कुठून? सिकंदर ३२३ मध्ये बाबिलोनला वारल्यावर त्याचा सावत्र भाऊ अऱ्हिदायस तिसरा फिलिप म्हणून गादीवर बसवला. सहा वर्षं नावापुरता राजा, ३१७ मध्ये ऑलिंपियासने, सिकंदराच्या आईने, त्याला मारवलं. चित्रं भावाचीच चालू ठेवली, नाव स्वतःचं. ४.१२ म्हणजे झिजलेल्या एका द्रख्म्याचं वजन अगदी पटणारं. शिवाय या द्रख्मा पश्चिम आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात, खूप पडल्या: सार्डिस, कोलोफोन, मॅग्नेशिया, लॅम्प्साकस. इझमीरच्या बंदरावर उतरलेल्या इंजिनवाल्या माणसाला अशी द्रख्मा मिळणं अजिबात नवल नाही.

फोटो टाका. झ्यूसच्या पुढची मोकळी जागा आणि आसनाखालचा भाग, दोन्ही उजेड तिरका पाडून. टांकसाळीच्या खुणा तिथेच असतात. आणि चांदीची दोन्ही पाण्यात तोलून आणा. सोनाराला सांगा, काट्यावर पाण्याचा पेला ठेव, काटा शून्यावर आण, मग नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबकळत धर, तळाला टेकू देऊ नको. जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. चांगल्या चांदीला दहाच्या वर उत्तर यायला हवं.

वसईचा_किल्लेदार

काका, एक भर. झ्यूसचे पाय बघायला सांगा ना. एक पाय दुसऱ्यामागे घेतलेला असेल तर सिकंदराच्या मृत्यूनंतरचं, दोन्ही समांतर असतील तर हयातीतलं. सरळ नियम आहे.

ठाकूरद्वार

नियम इतका सरळ असता तर मार्टिन प्राइस या नाणेतज्ज्ञाला १९९१ मध्ये सिकंदराच्या नाण्यांवर एवढे जाडजूड दोन खंड कशाला लिहावे लागले असते? पूर्वेकडच्या काही टांकसाळी हयातीतच पाय दुमडलेला झ्यूस काढत होत्या, आणि समांतर पायांचे नंतरही निघाले. पाय हा पहिला अंदाज, निकाल टांकसाळीच्या खुणांवरून. सिकंदराच्या नावाची नाणी तो गेल्यावर दोनशेहून जास्त वर्षं वेगवेगळी शहरं पाडत होती, त्यामुळे बाजारात दिसणारी बरीचशी 'सिकंदराची' नाणी त्याने पाहिलेलीसुद्धा नसणार. ताईंच्या बाबतीत तर तो प्रश्नच नाही, भावाचं नाव आहे म्हणजे नंतरचंच.

मुलुंडची_सून

आज परत गेले. सोनार आधी हसला, मग त्यालाच गंमत वाटायला लागली. मोठ्याचा पाण्यातला आकडा १.३५, भागून ८.६५. लहानाचा ०.४०, भागून १०.३. मोठं शेजारच्या टंच काढायच्या मशीनवरही ठेवलं, ती चांदी म्हणते! आसनाखाली दोन-तीन रेघांची जुळणी दिसते, ती कागदावर काढलीय. फोटो रात्री टाकते.

मुलगी विचारतेय, असा संग्रह पुढे वाढवायचा तर काय घ्यायचं? आणि भाऊजींना काय सांगू?

ठाकूरद्वार

मशीन वरची कातडी बघते. आत पितळ किंवा तांब्याचा मिश्र धातू, वर चांदीचा मुलामा. ८.६५ मध्ये सगळं आलं. सासऱ्यांची आठवण म्हणून ते डबीत राहू द्या, देव्हाऱ्यातही चालेल.

१०.३ उत्तम. काट्याच्या शेवटच्या आकड्याने थोडं इकडेतिकडे होईल, पण चांदीच. एवढ्याने खरेपणाची हमी मिळत नाही, ठशाने पाडलेली चांदीची बनावट नाणीही आहेत. पण वजन, घनता, झीज आणि चिठ्ठी चारही एकीकडे बोट दाखवतायत. रेघांची जुळणी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या 'पेला' या संकेतस्थळावर शोधा, फुकट आहे. प्राइसच्या क्रमांकांत या फिलिपच्या नाण्यांपुढे इंग्रजी 'पी' असतं. एका ठशाचं जुळणारं नाणं सापडलं तर मला कळवाच.

भाऊजींना स्पष्ट नाही सांगा. १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं येतं, आणि खासगी माणसाने ते देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे. बॅगेत टाकून न्यायला कोणी येतो म्हणालं तरी नाही.

मुलीला म्हणावं, चांदीच्या मागे लागू नको. बनावटवाल्यांचं लक्ष सिकंदराच्या मोठ्या नाण्यांवर आणि पोरसच्या लढाईशी जोडल्या जाणाऱ्या, हत्तीवर चाल करून जाणाऱ्या घोडेस्वाराच्या पदकावर असतं. तांब्याला सहसा कोणी एवढे कष्ट घेत नाही. तिच्याकडे दुसरा फिलिप आलाच. पुढचा कॅसँडर घ्यावा, सिकंदरानंतरचा मॅसिडोनियाचा राजा: पुढे हेराक्लीस, मागे घोडेस्वार, पण नावाबरोबर राजाची पदवी, जी दुसऱ्या फिलिपच्या नाण्यावर नसते. मग अँटिगोनस गोनाटस, त्याच्याही नंतरचा राजा: अथीना देवीचं डोकं आणि मागे विजयस्तंभ उभारणारा पॅन हा देव. हे तिघे शेजारी ठेवले की सिकंदराआधी आणि नंतर मॅसिडोनियात काय झालं ते दिसतं. पर्सियस, शेवटचा राजा, इ.स.पूर्व १६८ मध्ये पिडनाला रोमनांकडून हरला. त्याच्या चांदीपर्यंत जाऊ नये, खिसा फाटेल. पावती देणाऱ्याकडूनच घ्यावं, आणि आधी एकदा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन निवांत बघून यावं. खरी जुनी नाणी डोळ्याखालून गेली की खोटं लवकर खटकतं.

तीच हौस आपल्या किनाऱ्याला जोडायची असेल तर मिनँडर आणि अपोलोडोटस हे इंडो-ग्रीक राजे. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत म्हटलंय की भडोचला त्यांच्या जुन्या द्रख्मा तेव्हाही चलनात होत्या. मागे खरोष्ठी अक्षरं, वजन अडीच ग्रॅमच्या जरा आत. त्या मुंबईत मिळणं तुलनेने सोपं.

आणि ती सुपारीची डबी रिकामी करा बाई. तिन्ही नाणी एकमेकांवर आपटतायत. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात घालू नका, त्यातून काही वर्षांनी हिरवट चिकटा सुटतो. साधी कागदी पाकिटं घ्या, प्रत्येकावर पेन्सिलीने वजन लिहा, आणि इझमीरची चिठ्ठी लहान नाण्याबरोबर ठेवा.