वही बंद केल्यावर लोक बोलतात, ते लिहायचं का?

नवखी_संशोधक:
पीएचडीसाठी रात्रपाळीत सफाईचं काम करणाऱ्या बायकांच्या एका गटात पाच महिने जातेय. त्यांच्याबरोबर बादली उचलते, फरशी पुसते, सुटीत त्यांच्यातच बसते. संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या पहिल्याच आठवड्यात झाल्या. पण वही काढली की बोलणं थांबतं. परवा ती पिशवीत टाकली, तेव्हा एक मावशी जिन्यात बसून ओले हातमोजे उलटे करता करता घरचं सगळं बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "तू आहेस म्हणून बोलले गं." 'लिहू नकोस' असं म्हणाल्या नाहीत. घरी येऊन मी चार पानं लिहिली, आणि तेव्हापासून मन खातंय. सर म्हणतात, सही आहे ना, मग वापर.

रानवाट:
लिहून काढलंत हे उत्तम केलंत, वापरायचं की नाही ते नंतर ठरवता येईल. समोर वही नकोच. आडोशाला जाऊन चार-पाच खुणेचे शब्द टिपा आणि त्याच रात्री, कुणाशीही त्याबद्दल बोलायच्या आत, सविस्तर लिहा. एकदा कुणाला सांगितलं की आठवण सांगितल्यासारखीच होऊन बसते. आणि प्रती वेगवेगळ्या जागी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये कर्नाटकातल्या रामपुरा या खेड्यात राहून काम केलं. १८ वर्षं खपून तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये एकाच अभ्यासिकेत होत्या, आणि तिथेच आगीत सापडल्या. पुस्तक त्यांना बरंचसं आठवणीवर लिहावं लागलं.

जुनी_वही:
ताई, मन खातंय ते बरोबरच आहे, ते दाबू नका. पहिल्या आठवड्यातली सही एका परक्या बाईला दिलेली होती. जिन्यातलं बोलणं ओळखीच्या मुलीशी झालं. ती सही इथवर पुरत नाही.

माझं सांगतो. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एका गटात मी दीड वर्ष बसलो. अहवालात नावं बदलली, वयं बदलली, धंदे बदलले. एका काकांबद्दल मात्र लिहिलं की ते पेला उजव्या हातात धरून डावा तळहात त्याखाली लावतात, हात कापतो म्हणून. मला ते वाक्य फार आवडलं होतं. बाहेरच्या कुणाला काही कळलं नसतं, पण गटातल्या प्रत्येकाला पहिल्या वाचनात कळलं, आणि त्याच्याच पुढे काकांनी मुलाबद्दल मला एकट्याला सांगितलेलं होतं. काका भांडले नाहीत. पुढच्या बैठकीला मी गेलो, तेव्हा बाकावर नेहमीसारखे सरकले नाहीत, एवढंच. ती जागा मला परत मिळाली नाही.

टोपणनाव परक्यांपासून लपवतं, शेजारी बसणाऱ्यापासून नाही. म्हणून मावशींना पुन्हा विचारा, तेही मोघम नको. "त्या रात्रीचं मी लिहून ठेवलंय, वाचून दाखवू?" असं विचारा. वाचताना त्यांचा चेहरा कुठे बदलतो तेही बघा. नको म्हणाल्या तर ते प्रबंधात येणार नाही, पण तुमची समज वाढलेली राहील आणि पुढचे प्रश्न त्यातूनच सुचतील. समाजशास्त्रज्ञ विल्यम व्हाइटनं बॉस्टनच्या वस्तीतल्या टोळक्यांवर १९४३ मध्ये पुस्तक लिहिलं, तो हेच सांगतो: नुसतं बसून ऐकल्यामुळे, विचारायला कधी सुचलेच नसते अशा प्रश्नांची उत्तरं त्याला मिळाली.

तुमची घालमेलही लिहा, पण वेगळ्या वहीत. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीची खासगी डायरी त्याच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये छापली गेली. ज्या बेटांवरच्या लोकांबद्दल त्यानं इतक्या आस्थेनं लिहिलं, त्यांच्यावरची चीड आणि तिरस्कार तिच्यात भरलेला आहे. असं मनात येणार. ते निरीक्षणात मिसळलं की कुठलं त्यांचं आणि कुठलं आपलं, हे वर्षभरानं आपल्यालाही सांगता येत नाही.

नवखी_संशोधक:
काल वाचून दाखवलं. दोन पानं ऐकून म्हणाल्या, "नवऱ्याचं राहू दे. पण बहिणीचं काढ, ती इथेच कामाला आहे." ही बहीण गेले पाच महिने माझ्याशेजारी फरशी पुसतेय, आणि मला नातं माहीतच नव्हतं.

जुनी_वही:
बहिणीचं काढून टाका, आजच, सगळ्या प्रतींमधून. आणि दोघी कामावर नातं का दाखवत नाहीत, हे विचारू नका. थांबा थोडं.