मदत हवी आहे: वापरणाऱ्यांना बोलतं कसं करता?

नमस्कार मंडळी. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी ॲप बनवतोय. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) भरलं की उत्पादकाची रक्कम निघते. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच पहाटे सहाला एका केंद्रावर जाऊन बसले. नोंद करणाऱ्या काकांची बोटं ओली, त्यामुळे स्क्रीन दाद देईना. त्यात ‘जतन करा’ हे बटण कीबोर्डखाली झाकलेलं. तीनदा आकडे भरले, तिन्ही वेळा गेले. मागे किटल्या घेऊन रांग खोळंबलेली. ऑफिसात सहा महिने बसून आम्हाला हे दिसलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

आता सर म्हणतात, वापरणाऱ्यांसमोर ॲप ठेवून चाचणी घ्यायला वेळ नाही, लॉन्चनंतर बघू. पाच जणांच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नीलसन यांनी २००० साली मांडलेलं गणित मी दाखवलं. पण आमचे वापरकर्ते दोन तऱ्हेचे: नोंद करणारे आणि पावती बघणारे शेतकरी. दोघांतले पाच-पाच घ्यावेत का? आणि मुख्य अडचण, ‘मनात येईल ते बोलत वापरा’ म्हटलं की माणसं गप्प होतात, नाहीतर ‘छान आहे ताई’ म्हणतात. गावाकडे अशा चाचण्या घेतलेल्यांनी कृपया सांगा. शुक्रवारी मीटिंग आहे.