मदत हवी आहे: लाव्हर्न बेकर यांची १९५५ ची तक्रार

मंडळी, सुरुवातीच्या रॉक अँड रोलमधल्या कृष्णवर्णीय गायकांवर लेख लिहितेय. एका मुद्द्यावर जाणकारांची मदत हवी आहे.

कृष्णवर्णीय गायिका लाव्हर्न बेकर यांचं 'ट्वीडल डी' हे गाणं गाजायला लागलं आणि लगेच जॉर्जिया गिब्ज या गोऱ्या गायिकेने तेच गाणं रेकॉर्ड केलं. नुसती चाल नव्हे, वाद्यमेळाची मांडणी आणि गाण्याची ढबसुद्धा जवळपास तीच! पॉपच्या यादीत गिब्ज बेकरच्या बऱ्याच वर गेल्या. गोऱ्या श्रोत्यांची अनेक रेडिओ केंद्रं तेव्हा कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्डी लावायचीच नाहीत, मग दुसरं काय होणार?

१९०९ च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्यानुसार एकदा रेकॉर्ड झालेलं गाणं ठरलेली रॉयल्टी भरून कोणीही पुन्हा गाऊ शकत होतं. पैसे मिळायचे ते गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकाला. ज्या गळ्याने त्यात जीव ओतला, त्याच्या हाती काहीच नाही. बेकर यांनी १९५५ मध्ये मिशिगनमधल्या डेट्रॉइटचे अमेरिकी संसदेतले (काँग्रेस) सदस्य चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून अशा नकलेविरुद्ध दाद मागितली. कायदा काही बदलला नाही. पण त्या काळात एका कृष्णवर्णीय बाईने हे धाडस केलं, याचं मला फार मोल वाटतं.

मला त्या पत्राचा पूर्ण मजकूर किंवा तेव्हाच्या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांतली कात्रणं हवी आहेत. अमेरिकेत, विशेषतः मिशिगनकडे राहणाऱ्या कोणाला विद्यापीठाच्या ग्रंथालयातून ती बघता येतील का? या विषयावर मराठीत काही चांगलं वाचलं असेल तर तेही जरूर कळवा.