चाचण्या वाढवण्याबद्दल

वैमानिकांची दर सहा महिन्यांनी सक्तीची मानसशास्त्रीय चाचणी घेतली, तर धोका वेळीच ओळखता येईल, असे वरच्या प्रतिसादात म्हटले आहे. त्यामागची काळजी मला पूर्ण मान्य आहे, उपाय मात्र पटत नाही. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जचे विमान सहवैमानिकाने फ्रान्समधील आल्प्स पर्वतात हेतुपुरस्सर आदळवले आणि त्याच्यासह १५० जणांचा मृत्यू झाला. फ्रान्सच्या तपास यंत्रणेच्या २०१६ च्या अहवालानुसार, त्याआधी सुमारे दोन आठवडे एका डॉक्टरने त्याला मानसोपचार रुग्णालयात दाखल होण्याचा सल्ला दिला होता. म्हणजे आजार डॉक्टरांच्या लक्षात आला होता. कंपनीला तो कळला नाही, कारण त्याने तो लपवला आणि गोपनीयतेच्या नियमांमुळे डॉक्टरांनीही कोणाला कळवले नाही.

तो का लपवला गेला असावा, याची अहवालातली चर्चा मला सर्वांत मोलाची वाटते. परवाना गेला तर उत्पन्न बुडणार होते आणि प्रशिक्षणासाठी काढलेले कर्जही डोक्यावर होते. अशा माणसाला चाचणीची तारीख आधीच ठाऊक असेल, तर तो त्या दिवशी खरे बोलेल, असे मानणे कठीण आहे. युरोपात फेब्रुवारी २०२१ पासून वैमानिकाच्या रुजू होण्यापूर्वीच्या मूल्यमापनाबरोबरच सहकारी-आधाराची व्यवस्थाही विमान कंपन्यांना बंधनकारक झाली, ती याच अनुभवातून. तीत वैमानिक आपल्याच व्यवसायातील प्रशिक्षित सहकाऱ्याशी विश्वासाने बोलू शकतो आणि गरजेनुसार तज्ज्ञांपर्यंत पोहोचतो.