बायोमासमध्ये सायटेशन फक्त रिव्ह्यूलाच का?

प्रश्न: पीएचडीचं पहिलं वर्ष, विषय उसाच्या पाचटाचा बायोचार (हवेविना तापवून केलेला कोळसा). स्कोपसवर (शोधनिबंधांचा डेटाबेस) सायटेशनने, म्हणजे इतरांनी किती वेळा संदर्भ दिला त्यावरून, सॉर्ट केलं की वर सगळे रिव्ह्यूच (इतरांच्या कामाचा आढावा घेणारे पेपर), प्रयोगाचे पेपर गेले कुठे?

उत्तर १: प्रस्तावनेत एका वाक्यात चिकटवायला रिव्ह्यू सोपा पडतो रे. चिस्तींचा २००७ चा सूक्ष्मशैवालापासून बायोडिझेलवाला बघ, हजारोंनी साइट झालाय, पण शैवालाचं डिझेल पंपावर दिसलं का कुठं?

उत्तर २: वादाच्या पेपरलाही सायटेशन मिळतात. २००८ ला सर्चिंजर वगैरेंचा ‘सायन्स’मधला पेपर आला, मक्याच्या इथेनॉलपायी जंगल-कुरणं मोडली तर कार्बन उलट वाढतो म्हणून, त्यावर तुटून पडलेल्यांनीही साइट केलंच की 😄

उत्तर ३: वर्षाचा फिल्टर लाव आणि मेथड सेक्शन वाच, पायरोलिसिसचं (हवेविना तापवण्याचं) तापमान कुणाकडून उचललंय ते बघ, कामाचे पेपर तिथंच सापडतात.

प्रश्नकर्ता: लावला फिल्टर, पहिलाच परत रिव्ह्यू 🤦